नानांचा आखाजीचा हंगाम

नानांवर चार चांगले शब्द लिहून द्या, असं सांगायला परवा जळगावहून दोन तरुण माझ्याकडे धुळ्याला आले होते. नानांचं नाटक मंडळ म्हणे पुन्हा उभं राहतंय. येत्या आखाजीला हंगाम, तीन नाटकं, आणि त्या हंगामाला नानांचं नाव. पुस्तिकेत छापायचा मजकूरही त्यांच्याकडे तयार होता, मी फक्त त्यात आठवणींची भर घालायची. त्यात नानांना ‘खानदेशातल्या स्त्री कलावंतांचे कैवारी’ म्हटलं होतं. मी तो कागद वाचला, दोघांना सरबत दिलं आणि सांगितलं, लिहीन, पण चांगलं लिहीन असं कबूल करत नाही. ते हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. मी थट्टा करत नव्हते. तो ‘कैवारी’ शब्द वाचल्यापासून माझं डोकं तापलंय ते अजून थंड व्हायला तयार नाही.

नाना कापसाचे ग्रेडर होते. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर कापूस काढायचे, दोन बोटांत ओढून धागा किती लांब आहे ते बघायचे आणि शेतकऱ्याच्या तोंडाकडे न बघता प्रत सांगून मोकळे व्हायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी कापूस संपला, जिनिंग बंद झालं, की तीच बोटं पुरती आमच्याकडे वळायची. नवा नट आला की म्हणायचे, “ओल आहे अजून. वाळू द्या.” कोणी नुसतंच ओरडून वाक्य टाकलं तर, “ही सरकी झाली. धागा कुठाय?” आणि सगळ्यात वाईट शिवी म्हणजे कवडी. किडीनं पिवळा पडलेला, डागाळलेला कापूस म्हणजे कवडी. मला पहिल्याच तालमीत त्यांनी सगळ्यांदेखत कवडी म्हटलं. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण त्या माणसाला नाटक कळत होतं. राग राग करून हे खोटं ठरत नाही.

तालमीला ते कधी बसायचे नाहीत. त्यांच्या घराच्या ओसरीत एका खांबाला टेकून, एक पाय मागे दुमडून उभे राहायचे. खिशात कायम कापसाचा पुंजका. आमची वाक्यं चालू असताना तो बोटांनी पिंजत राहायचे. बोटं थांबली की समजायचं, जमलं. त्यामुळे आम्ही सगळे समोरच्या नटाकडे न बघता नानांच्या हाताकडे बघत बोलायचो, आणि मग त्याच्यावरून शिव्या खायचो. एप्रिलच्या उन्हातही गळ्यात मफलर असायचा. एसटीत ड्रायव्हरच्या मागचीच सीट हवी, ती मिळाली नाही तर पुढच्या गाडीची वाट बघायची, आणि मिळाली की मुक्कामाला पोचेपर्यंत ड्रायव्हरला गिअर कधी टाकायचा ते सांगायचं. महोत्सव हा शब्द त्यांना चालायचा नाही. “महोत्सव देवळात करा. नाटकाचा हंगाम असतो,” म्हणायचे.

या हंगामाची रीत मात्र दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे नाटकात काम करायला मुली मिळायच्या, पण टिकायच्या नाहीत. एखादी तयार झाली की तिचं लग्न व्हायचं आणि ती धुळ्याला, शिरपूरला, दोंडाईचाला निघून जायची. सासरी नाटकाचं नाव काढायची सोय नव्हती. बाकीच्या मंडळांनी यावर उपाय म्हणून बायका नसलेली नाटकं धरली. नानांनी आखाजी धरली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि आखाजीला लेक माहेरी येणार म्हणजे येणारच. सासू कितीही खाष्ट असली तरी त्या दिवसांत अडवत नाही, अडवली तर भाऊबंदांत शोभा होते. लेकी आल्या की झोके, गाणी, आमरस, आणि चार दिवस कोणी कोणाला विचारत नाही कुठे चाललीस म्हणून. नानांनी नाटकं नेमकी तिथे बसवली. जिनिंगही बंद. पाडव्याला चौकातल्या पाटीवर चुन्यानं ‘येता हंगाम’ लिहून नाटकांची आणि नटांची नावं मांडायचे. आमची नावं माहेरचीच. लग्न होऊन पोरं झाली तरी पाटीवर आम्ही आमच्या वडिलांच्याच लेकी. सासरच्या कोणी पाटी वाचलीच तरी ओळख पटायला नको, म्हणून.

पुरुष वर्षभर जळगावात तालीम करायचे. आम्ही आपापल्या सासरी वाक्यं पाठ करायचो, आणि एकमेकांची गाठ पडायची ती आखाजीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत. मधल्या काळात आमची तालीम घ्यायला नाना स्वतः यायचे. गावोगाव, एसटीनं.

माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले त्याच वर्षी दिवाळीच्या आधी नाना दारात उभे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात केळ्यांची पिशवी. सासूबाईंना म्हणाले, “मी हिचा लांबचा मामा.” माझ्या आईच्या गणगोतात असा मामा नव्हता, पण केळी जळगावची होती, त्यामुळे सासूबाईंचा विश्वास बसला. त्या समोर गहू निवडत बसल्या. नाना पाणी प्यायले आणि त्यांनी अगदी सहज सुरुवात केली, “काय गं, या घरात सुखी आहेस ना?”

हे नाटकातलं वाक्य होतं. बाप लेकीला भेटायला येतो तो प्रवेश. मी सासूबाईंकडे पाहिलं. नाना डोळ्यांनी दटावत होते. मी खाली मान घालून पुढचं वाक्य म्हटलं, “सुख आहे हो या घरात. त्याची किल्ली तेवढी माझ्याकडे नाही.”

“मोठ्यानं बोल. लांबून आलोय, कान गेलेत माझे,” नाना म्हणाले. हे नाटकातलं नव्हतं.

मी मोठ्यानं म्हटलं. सगळा प्रवेश म्हटला. सासूबाईंचा गव्हातला हात कधी थांबला ते माझ्या लक्षातही आलं नाही. नाना खूश होऊन, दोन वाक्यं दुरुस्त करून, संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. ते गल्लीच्या टोकाशी पोचले नसतील तोच सासूबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्यासमोर आदळला. “तुले आठे काय कमी शे वं? किल्ल्या जोयजे? ले, बठ्ठ्या ले!” दिवाळी होईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सासऱ्यांनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. ते बिचारे खाली मान घालून बसले, आणि नाटकाचं होतं असं सांगायची त्यांचीही छाती झाली नाही, माझीही नाही. सांगितलं असतं तर आखाजीच बंद झाली असती.

पुढच्या खेपेला नानांना मी हे सगळं सांगितलं, तर त्यांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. “म्हणजे सासूला खरं वाटलं? मग वाक्य जमलं की तुझं!” म्हणाले, आणि दुसऱ्या प्रवेशाला हात घातला. माझं घर तुटता तुटता राहिलं होतं आणि हा माणूस धागा मोजत होता. तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, त्याच वेळी केळी त्यांच्या पिशवीत परत भरून द्यायला हवी होती.

शिरपूरच्या इंदूकडे ते तिच्या वडिलांचे मित्र म्हणून जायचे. दोंडाईचाच्या शालिनीच्या घरात शिरताच यायचं नाही, म्हणून ती देवदर्शनाचं निमित्त काढून स्टेशनवर यायची आणि फलाटावरच्या बाकावर तालीम व्हायची. एकदा ती रडण्याचा प्रवेश करत असताना स्टेशन मास्तर धावत आले, बाईमाणसाला का छळताय म्हणून नानांची गचांडी धरली. नाना तिथेही खूश. लोक या गोष्टी सांगून आजही हसतात आणि म्हणतात, बघा, बायकांना रंगमंचावर आणण्यासाठी या माणसानं किती खस्ता खाल्ल्या. खस्ता खाल्ल्या, खरं आहे. परक्यांच्या सुनांसाठी खाल्ल्या.

आता त्यांच्या सुनेबद्दल सांगते. त्या पुस्तिकेत तिचा एका शब्दानंही उल्लेख नाही.

तिचं नाव कुसुम. भडगावकडची, गिरणाकाठच्या खेड्यातली. आठवीपर्यंत शिकलेली. नानांची बायको आधीच गेलेली, त्यामुळे घरात बाईमाणूस ती एकटीच. घरात पक्की अहिराणी बोलायची. नानांचा मुलगा मंडळात दिवे सांभाळायचा आणि बापापुढे ब्र काढायचा नाही. ओसरीत तालीम सुरू झाली की बायकांची वाक्यं म्हणायला कोणी नसायचं, कारण बायका सगळ्या सासरी. पहिल्या वर्षी नानांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली, “कोण आहे आत? जरा बाईंचं वाक्य वाचा.” कुसुमनं पिठाच्या डब्यावर वही ठेवली आणि भाकरी थापता थापता वाचलं. तेव्हापासून ते तिचं कामच झालं. चहा, भाकऱ्या, आणि बाईंची वाक्यं. ओसरीत यायचं नाही, दारातूनच म्हणायचं. वर्षभरात तिला वहीची गरज उरली नाही. सगळ्या नाटकांतल्या सगळ्या बायका तिला पाठ झाल्या. चुलीशी बसून ती कधी बारा वर्षांची पोर व्हायची, कधी विधवा, कधी घर सोडून निघालेली बाई, आणि मध्येच “दूध उतू जायी राह्यनं,” म्हणून उठायची. ओसरीतले नट तेवढा वेळ थांबायचे.

आमच्या मंडळात नायकाचं काम बँकेतले एक भाऊ करायचे. उंचेपुरे, आवाज खणखणीत. एका हंगामात मी त्यांची बायको होते. खेळ रंगात आला, माझी मनधरणी करण्याचा प्रवेश आला, आणि भाऊंनी माझ्याकडे सरळ पाठ फिरवली. डाव्या विंगेकडे तोंड करून, हात पसरून, डोळ्यांत पाणी आणून ते विंगेची मनधरणी करू लागले. मी त्यांच्या पाठीमागे उभी. लोक हसू लागले तरी भाऊंना कळेना. वर्षभर त्यांनी ते वाक्य स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हटलं होतं, आणि ओसरीत ते दार डाव्या हाताला होतं. त्यांना माझा चेहरा सवयीचाच नव्हता. नंतर पाहिलं तर सगळ्यांनाच ती खोड लागलेली. आमच्या मंडळाच्या कुठल्याही नाटकात पुरुष प्रेमाचं बोलायला लागला की मान डावीकडे.

आम्ही माहेरी आलो की नाना आम्हांला पहिल्या दिवशी ओसरीत नुसतं बसवायचे. “दाराकडचं ऐका आधी. तसं म्हणा,” म्हणायचे. आम्ही ऐकायचो. तिच्या म्हणण्यात काय होतं ते मला आजही धड सांगता येत नाही. ती वाक्य म्हणायची नाही, तिला ते त्याच क्षणी सुचलंय असं वाटायचं. तिचं ऐकून आम्ही म्हणायचो, मैदानावर टाळ्या पडायच्या, आणि ती घरी परत येणाऱ्या मंडळींच्या जेवणाची तयारी करत असायची. खेळ बघायलाही क्वचित मिळायचा तिला. मी एकदा तिला विचारलं, तुला नाही वाटत का गं एकदा उभं राहावं असं? तिनं परातीतलं पीठ गोळा करत इकडे तिकडे पाहिलं. “ताई, एकदाच,” म्हणाली. “तो दिव्यांचा उजेड अंगावर पडतो ना, तो कसा लागतो तेवढं बघायचंय.” नवरा त्याच दिव्यांपाशी असायचा. त्याला ती हे कधी बोलली होती की नाही, कोण जाणे.

मग एक हंगाम असा आला की आखाजी तोंडावर असताना इंदूची सासू पडली, पाय मोडला, आणि इंदूला शिरपूरहून निघता येईना. मुख्य काम तिचं होतं. मी आणि शालिनी दुसऱ्या कामांत अडकलेल्या. तिचा निरोप आला तेव्हा सगळे ओसरीत होते. सगळ्यांच्या माना एकदम डावीकडे वळल्या.

बँकेतल्या भाऊंनीच तोंड उघडलं. “नाना, वहिनींना उभं करा. आमची तालीम त्यांच्याबरोबरच झालीय. हालचाली मी एका दिवसात दाखवतो.”

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

नानांनी खिशातला कापूस काढला, ओढला, पुन्हा खिशात ठेवला. “घरची सून आहे ती,” म्हणाले.

“आम्हीपण कुणाच्या तरी घरच्या सुनाच आहोत, नाना,” मी म्हटलं.

“तू मध्ये बोलू नको. तुझं नाव पाटीवर तुझ्या बापाचं लागतं. तिला इथे सगळे माझी सून म्हणून ओळखतात, तिचं नाव लावायचं म्हणजे माझं आडनाव लागतं. उद्या जिनिंगवर गाडीवाले मला काय म्हणतील? नानांनी सून नाचवली म्हणतील.”

हे ऐकून माझ्या अंगाचा जो भडका उडाला तो मला अजून आठवतो. म्हणजे आमच्या सासऱ्यांची आडनावं आडनावं नव्हती? धुळ्यात हे कळलं असतं तर लोक आम्हांला काय म्हणाले असते, याचा या माणसानं कधी विचार केला होता? पण मी तेव्हा पंचविशीची, ते पन्नाशीचे, आणि सगळे पुरुष आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलेले. कुसुमचा नवरा उठून दिव्यांच्या वायरी गुंडाळायला लागला. आतून पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज आला. नेहमीपेक्षा जोरात.

शेवटी पोस्टातल्या एका सडपातळ माणसाच्या मिशा उतरवून त्याला लुगडं नेसवलं, आणि वाक्यं आठवून द्यायला कुसुमला विंगेत बसवलं. विंगेत बसलेली सून गाडीवाल्यांना दिसत नाही, म्हणून ते चाललं. पहिला अंक त्या माणसानं कसाबसा ओढला. दुसऱ्या अंकात बापलेकीचा प्रवेश, बाप स्वतः नाना. पोस्टवाल्याची वाचाच बसली. समोर गच्च भरलेलं मैदान, आणि हा नुसता तोंड उघडून उभा. कुसुमनं हळू आवाजात आठवण करून दिली. त्याला ऐकू येईना. तिनं पुन्हा सांगितलं. आणि तिसऱ्या वेळी तिनं सांगितलं नाही, ती बोलली. मोठ्यानं, मोकळ्या आवाजात, पडद्यामागे उभी राहून. नानांनी तिच्या वाक्यावर आपलं वाक्य टाकलं, तिनं पुढचं, आणि सगळा प्रवेश तसा झाला. पोस्टवाला मध्ये उभा राहून ओठ हलवत होता. मी दुसऱ्या विंगेतून तिला बघत होते. ती समोर बघत नव्हती, डोळे मिटून बोलत होती, आणि तिची मूठ पदरावर आवळलेली होती. प्रवेश संपला तेव्हा जी टाळी पडली तशी टाळी आमच्या कोणाच्याही वाट्याला कधी आलेली नाही.

शेवटी सगळ्यांनी हात जोडायला पुढे जायचं, तेव्हा नानांनी पोस्टवाल्याचा हात धरून त्याला सगळ्यात पुढे उभं केलं. लोकांनी त्याच्यासाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून विंगेत पाहिलं. कुसुम तिथे नव्हती. ती पिठलं टाकायला घरी गेली होती. आम्ही जेवायला गेलो तेव्हा नाना पंगतीत पोस्टवाल्याला शिव्या घालत होते, आणि पिठलं वाढणाऱ्या सुनेला म्हणाले, “मीठ कमी पडलंय.” बस्स, एवढंच. मी ताटावरून उठले.

पुढच्या पाडव्याला पाटी रंगवायच्या आधीच मी, इंदू आणि शालिनी, तिघींनी एकमेकींशी ठरवून नानांना निरोप धाडला. या हंगामात कुसुमचं नाव पाटीवर लागेल, अगदी छोट्या कामासाठी का होईना. नाही लागलं तर आम्ही आखाजीला येऊ, झोके खेळू, आमरस खाऊ आणि परत जाऊ. नाना तडक धुळ्याला आले. केळी न घेता आले. सासूबाईंदेखत मला म्हणाले, “मला अटी घालतेस? कवडी होतीस, तुला माणूस केलं मी.” मी म्हटलं, केलंत, आता सुनेलाही करा. सासूबाई गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. हेही नाटक असेल असं त्यांच्या मनातही आलं नसेल, आणि ते नव्हतंच. नाना छत्री उचलून चालते झाले. पाटीवर त्यांनी नुसतं ‘यंदा हंगाम नाही’ असं लिहिलं. पुढच्या वर्षी तेवढंही लिहिलं नाही. सुनेचं नाव लिहायला लागू नये म्हणून त्या माणसानं वीस वर्षं जपलेलं मंडळ मोडलं. घरोघरी टीव्ही आले म्हणून नाटक बंद पडलं, असं ते पुढे सगळ्यांना सांगायचे, आणि ते दोन तरुणही मला तेच सांगत होते.

त्यानंतर काही वर्षांनी एका आखाजीला मी माहेरी आले होते, तेव्हा त्यांच्याकडे गेले. नाना निवृत्त झालेले, गुडघ्यांनी बेजार. ओसरीत आता आरामखुर्ची होती, त्यात मफलर गुंडाळून बसलेले. मला बघून “ये,” म्हणाले, आणि आत बघून “चहा टाका,” म्हणाले. मी आधी आत गेले. कुसुम खापरावर मांडे करत होती. पालथ्या खापरावर पुरणाची ती हातभर पोळी टाकायची म्हणजे नजर हलवायची सोय नसते. तिनं तेवढ्यातच चहा गाळून दिला. मी म्हटलं, आम्ही तुझ्यासाठी भांडलो बघ, पण त्यानं काही झालं नाही.

तिनं उलथन्यानं मांड्याची कड सोडवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमनं काय गयं, ताई? तुम्ही बठ्ठ्याजनी आपआपला घर चालन्या गयात. मी आठेच शे. दारमातून बोलाले मिये, तेबी गयं मन्हं.”

हंगाम बंद झाला तसं दारातून बोलायला मिळायचं तेवढंही तिचं गेलं होतं. तिचं खरं होतं. पण ते कोणामुळे गेलं? माझं टाळकं सणकलं. मी कप घेऊन तशीच ओसरीत आले आणि नानांच्या समोर बसले. म्हटलं, “नाना, आज एक खरं सांगा. तिला का नाही उभं केलं? आडनावाचं सांगू नका.”

मला वाटलं होतं चिडतील, कवडी म्हणतील. ते चिडले नाहीत. त्यांनी बाहेर रस्त्याकडे बघितलं आणि अगदी सहज, कापसाची प्रत सांगावी तसं सांगितलं.

“तुमच्या सगळ्यांत तिचा धागा लांब होता. पहिल्याच दिवशी कळलं मला.”

“मग?”

“मग काय मग? तुम्ही चार दिवसांच्या. आखाजी सरली की आपापल्या चुलीशी. ही एकदा त्या उजेडात उभी राहिली असती, तर परत आत आली असती का? हिची चूल कुणी पेटवली असती? आमचं कुणी केलं असतं?” आणि वर मलाच समजावल्यासारखं म्हणाले, “तुम्हां बायकांना एवढं कळू नये?”

एवढा मोठा माणूस, एवढं नाटक कळणारा, त्याचा आवाज जराही खाली आला नाही. ओसरीतून स्वयंपाकघरात साधा कुजबुजीचा आवाजही जातो, हे त्या घरात वीस वर्षं तालीम घेणाऱ्याला माहीत नव्हतं असं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात कुसुम दारात आली. ओसरीत ती पाऊल टाकत नसे, पण त्या दिवशी टाकलं. तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला, हाताचं पीठ त्यालाच पुसलं. नानांकडे पाहिलं. रागानं नाही, एखाद्या गाडीतला कापूस बघावा तसं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या आणि आमच्या दोघांच्या मधून, ओसरीच्या पायऱ्या उतरून, उन्हात चालती झाली. रस्त्याच्या टोकाला कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधले होते, बायकांची गाणी ऐकू येत होती. ती त्या बाजूला वळली की स्टँडच्या, ते मला दिसलं नाही.

आत खापरावरचा मांडा धुपायला लागला. आधी गुळाचा गोड वास आला, मग करपल्याचा.

“अगं, कोण आहे तिकडे?” नाना स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत ओरडले. “मांडा जळतोय! कोणी बघतंय का?”

घरात आम्ही दोघंच होतो. धूर दारातून ओसरीत यायला लागला. नाना खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला बघत होते, त्यांना उठता येत नव्हतं, आणि ते माझ्याकडे बघत होते. मी उठले नाही. कपात थोडा चहा उरला होता, तो सावकाश प्यायले.